सीमाभागातला बॉर्डर कोटा

"सर, आपण सीमाभागातलेच की. मग त्यो बॉर्डर डिस्ट्रिक्टचा कोटा आपल्याला लागतोय न्हवं?"

विचारणारं पोरगं गंभीर होतं, म्हणून मी हसू दाबलं. त्याचं तरी काय चुकलं? जन्मल्यापासून 'सीमाभाग' हाच शब्द कानावर पडलेला. मोर्चे, काळ्या फिती, एक नोव्हेंबरचा काळा दिवस, सगळं महाराष्ट्र-कर्नाटक सीमेपायीच. त्यात केंद्राच्या सशस्त्र दलांच्या कॉन्स्टेबल भरतीच्या माहितीत लिहिलेलं असतं की राज्यांना जागा वाटताना ६० टक्के लोकसंख्येवर, २० टक्के सीमेवरच्या जिल्ह्यांना आणि २० टक्के नक्षल किंवा दहशतवादाची झळ असलेल्या जिल्ह्यांना. त्याला वाटलं, आपली लॉटरी लागली. "बाळा," म्हटलं, "तिथं बॉर्डर म्हणजे पाकिस्तान, बांगलादेश, चीन. आपला महाराष्ट्र-कर्नाटकातला शिनोळीचा नाका त्यात धरत नाहीत."

मी बीएसएफमधून, म्हणजे सीमा सुरक्षा दलातून, हेड कॉन्स्टेबल म्हणून निवृत्त झालो. गावात सगळे हवालदारच म्हणतात. पहाटे देवळामागच्या पटांगणावर पंधरा-वीस पोरं आणि चार पोरी पळायला येतात, त्यांच्याबरोबर मी उभा असतो. फी नाही, फक्त उशीर केलेला चालत नाही. पोरांना ५ किलोमीटर २४ मिनिटांत, पोरींना १६०० मीटर साडेआठ मिनिटांत. पावसाळ्यात आमच्या लाल चिखलात २४ मिनिटं म्हणजे काय, ते ज्यानं पळून बघितलंय त्यालाच कळतं. जमेची बाजू एवढीच की उंची सर्वसाधारण १७० सेंटीमीटर मागतात, पण गढवाली, कुमाऊँनी, डोगरा आणि मराठ्यांना १६५ चालते. त्यासाठी दाखला लागतो आणि तिथंच आमची खरी शर्यत. शाळा मराठी, दाखला कन्नड, आधार कार्ड इंग्रजी. एकाच पाटलाची तीन स्पेलिंगं. गेल्या भरतीत एका पोराची उंची बसली, छाती बसली, नावच बसलं नाही.

सूख एकच. २०२४ पासून या भरतीची परीक्षा मराठीतही देता येते, कन्नडमध्येही.

तर परवा संध्याकाळी फॉर्म भरायला बसलो होतो. फॉर्ममध्ये दलांचा पसंतीक्रम द्यावा लागतो: बीएसएफ, सीआयएसएफ (विमानतळ-कारखाने राखणारं), सीआरपीएफ (देशातल्या बंदोबस्ताचं), एसएसबी (नेपाळ-भूतान सीमेचं), आयटीबीपी (चीन सीमेचं), आसाम रायफल्स. पोरं कुणाच्या तरी सांगण्यावरून आकडे टाकतात, तासावर पैसे घेणारा कॅफेवाला घाई करतो आणि त्या एका आकड्यावर पुढची तीस-पस्तीस वर्षं ठरतात. म्हणून मी म्हटलं, आधी कळून घ्या, मग आकडा टाका.

पहिला प्रश्न नेहमीचा. हे मिलिटरी की पोलीस? वर्तमानपत्रं 'निमलष्करी' लिहितात. निम म्हणजे अर्धं, निमसरकारी असतं तसं. सरकारनं मात्र २०११ पासून 'केंद्रीय सशस्त्र पोलीस दलं' (सीएपीएफ) हे नाव पक्कं केलं. वर्दी, परेड, हत्यारं, बंकर सगळं फौजेसारखं, मालक मात्र गृहमंत्रालय. मी पोरांना एकच खूण सांगतो: दलाच्या वर्दीकडं बघू नका, त्याचा कागद कुठल्या मंत्रालयाच्या कपाटात आहे ते बघा. बदली, पगार, पेन्शन, मेल्यावर घरच्यांना काय मिळतं, सगळं त्या कपाटातून निघतं.

आसाम रायफल्सचं उदाहरण देतो, ते पोरांना लगेच समजतं. १८३५ साली 'कचार लेव्ही' म्हणून उभं राहिलेलं हे सगळ्यात जुनं दल. त्याचा कारभार गृहमंत्रालयाकडं आणि मोहिमेचा हुकूम लष्कराचा. दोन सासवांची सून.

आमच्या बीएसएफचा जन्म लढाईतला. १९६५ पर्यंत पाकिस्तानची सीमा त्या त्या राज्याचे सशस्त्र पोलीस सांभाळायचे. त्या वर्षी ९ एप्रिलला कच्छच्या रणात सरदार पोस्टवर पाकिस्तानी फौज चालून आली आणि सीआरपीएफच्या मूठभर जवानांनी ती रोखून धरली. शौर्य झालं, पण फौजेसमोर पोलीस किती दिवस उभे करणार? १ डिसेंबर १९६५ ला बीएसएफ उभं राहिलं. पहिले प्रमुख के. एफ. रुस्तमजी, आपल्या नागपूरजवळच्या कामठीत जन्मलेले. यलहंक्याच्या ट्रेनिंग सेंटरात उस्ताद हे नाव घेताना सावधान उभा राहायचा.

पोरांना वाटतं सीमा म्हणजे गोळीबार. माझी निम्मी नोकरी वहीत गेली. बांगलादेशच्या सीमेवर कुंपण शून्य रेषेवर, म्हणजे नेमक्या सीमेवर नसतं, १९७५ च्या समझोत्याप्रमाणे १५० यार्ड सोडून आत असतं. म्हणजे आपल्याच शेतकऱ्याची जमीन कुंपणापलीकडं. सकाळी ठरल्या वेळी गेट उघडायचं. रांगेत माणसं, खांद्याला नांगर, हातात कोयता, मागं बैल. ओळखपत्र ठेवून घ्यायचं, वहीत लिहायचं: माणूस अमुक, बैल दोन, कोयते तीन. संध्याकाळी तेवढंच परत यायला पाहिजे, कारण जनावरांची तस्करी हीच तिथली मोठी डोकेदुखी. एकदा एक म्हातारी एक शेळी घेऊन गेली आणि संध्याकाळी तीन घेऊन आली. पदराखालून दोन ओली पिल्लं काढून माझ्यापुढं धरली. वहीत 'गेली १, आली ३' लिहिल्यावर पोस्ट कमांडर साहेबांनी मला बोलावून घेतलं. शेऱ्याच्या रकान्यात मी 'व्याली' असं लिहिलं होतं, तेही मराठीत. त्यांनी अर्थ विचारला, मी सांगितला, आणि त्यांनी तोंड फिरवून हसून घेतलं.

समोरच्या चौकीवर तेव्हा बांगलादेश रायफल्स असायची. ईदला त्यांची मिठाई यायची, दिवाळीला आमची जायची. २५ फेब्रुवारी २००९ ला ढाक्यात पीलखान्याच्या त्यांच्या मुख्यालयात बंड झालं. दोन दिवसांत ७४ माणसं मारली गेली, त्यातले ५७ लष्करी अधिकारी. आम्हाला सावध राहायचा हुकूम आला. समोर रोज हात करणारा शिपाई दिसेना. त्या दलाचे वरचे अधिकारी सगळे लष्करातून येणारे. जवानांची तक्रार पगाराची होती, त्या अधिकाऱ्यांची होती आणि एक अशीही होती की लष्कराला युनोच्या मोहिमांवर पाठवतात, आम्हाला का नाही. पुढं ते दल मोडून नवं नाव दिलं, बॉर्डर गार्ड बांगलादेश. मारल्या गेलेल्यांबद्दल वाईट वाटलं. पण ती तक्रार वाचून मी रात्रभर जागा होतो, कारण युनोच्या कांगो मोहिमेसाठी माझं स्वतःचं नाव तेव्हा यादीत होतं.

कांगोत गेलो आणि निमलष्कराच्या नाना तऱ्हा एका छावणीत बघायला मिळाल्या. सगळ्यांच्या डोक्यावर निळी टोपी, पण खाली प्रत्येकाची वेगळीच कथा. सेनेगलचा एक जण होता, स्वतःला 'जंदार्म' म्हणायचा. मी पोलीस का म्हटलं तर नाही, सोल्जर का म्हटलं तर हो आणि लगेच हातानं 'पण' अशी खूण. दुभाष्यानं फोड केली: जुन्या फ्रेंचमध्ये शब्दाचा अर्थ 'हत्यारबंद माणसं'. ही पद्धत फ्रान्सची, त्यांच्या जुन्या वसाहतींनी तीच उचलली. फ्रान्समध्ये शहरात पोलीस आणि खेड्यात जंदार्म. देशाचा सुमारे ९५ टक्के भूभाग त्यांच्याकडं, लोकसंख्या साधारण निम्मी. नोकरीनं सैनिक, २००९ पासून काम गृहखात्याच्या हाताखाली. म्हणजे असं समजा की बेळगाव शहरात पोलीस, पण खानापुरात ऊस चोरीला गेला तर तक्रार घ्यायला सैनिक येणार. इटलीत काराबिनिएरी, १८१४ पासूनचे. ते तर २००० सालापासून स्वतंत्र सशस्त्र दल आहेत आणि तरी गल्लीत मोटारसायकलची कागदपत्रं तपासतात.

आयटीबीपी लिहिणाऱ्यांनी एक लक्षात ठेवावं. आपलं आयटीबीपी २४ ऑक्टोबर १९६२ चं, चीन युद्धाच्या ऐन भरातलं, आणि आजही गृहखात्याचं. चीनचं पीपल्स आर्म्ड पोलीस मात्र २०१८ पासून पूर्णपणे त्यांच्या सेंट्रल मिलिटरी कमिशनच्या ताब्यात. थंडी दोघांना सारखीच. आमच्या पोरांना आयटीबीपी जवळचं वाटतं, कारण बेळगावजवळ हलभावीला त्यांचं सेंटर आहे, जाता-येता गाड्या दिसतात. खानापूरच्या जंगलात कोब्राची, म्हणजे सीआरपीएफच्या जंगल-लढाईच्या तुकडीची शाळा आहे म्हणून दोघांनी सीआरपीएफ पहिलं टाकलं होतं. मी म्हटलं, शाळा इथं आहे, नोकरी नक्षल्यांच्या बस्तरला लागेल. विचार करून टाका.

इतक्यात एकानं मोबाईल पुढं केला. "सर, मी पॅरामिलिटरी सर्च केलो तर आयर्लंडचे बुरखेवाले आलेत बघा." खरं होतं. उत्तर आयर्लंडमध्ये हा शब्द सरकारी दलांसाठी वापरतच नाहीत. तिथं पॅरामिलिटरी म्हणजे आयआरए, यूव्हीएफ, म्हणजे सरकारनं बंदी घातलेल्या सशस्त्र टोळ्या. कोलंबियातही या शब्दानं गावं रिकामी करणारे खाजगी बंदूकवाले आठवतात. पोरगं म्हणालं, "मग आईला लोकांना सांगायची पंचाईतच की!" पोरी हसल्या. त्यांना मी २००७ सालचं लायबेरिया सांगितलं. युनोच्या मोहिमेवर फक्त बायकांचं पहिलं पोलीस पथक गेलं ते आपल्या सीआरपीएफचं होतं. त्यातल्या एकीनं लगेच सीआरपीएफपुढं १ हा आकडा टाकला. तिला बस्तरबद्दल सांगितलं, तरी तिनं आकडा बदलला नाही.

आता जरा दुखरी गोष्ट. बेळगाव म्हणजे मराठा लाइट इन्फंट्रीचं गाव, रेजिमेंटल सेंटर १९२२ पासून इथं आहे. आमच्या गल्लीत घरटी एक फौजी. शेजारचे सुभेदारकाका मला कायम चिडवत आले, "काय गा हवालदार, तुमची ती पोलिसगिरीच की." मी निवृत्त होऊन आलो तेव्हा एका कचेरीत माजी सैनिकांच्या रांगेत उभा राहिलो, तर खिडकीतल्या माणसानं कार्ड बघून सांगितलं, तुम्ही यात येत नाही. नियमानं त्याचं बरोबर होतं. 'माजी सैनिक' म्हणजे भूदल, नौदल, हवाईदल. आम्हाला २०१२ मध्ये 'माजी सीएपीएफ कर्मचारी' असं नाव मिळालं. नाव मिळालं, रांग नाही. मागं उभे असलेले दोघं ओळखीचे होते, तेवढं फक्त बोचलं.

पेन्शनचं त्याहून वाईट. १ जानेवारी २००४ पासून केंद्रात लागलेल्यांना जुनी पेन्शन नाही. फौज त्यातून वगळली, आम्ही नाही. मी आधी लागलो म्हणून सुटलो. माझ्याच पोस्टवर माझ्याच शेजारच्या बंकरात रात्र काढलेला जवान २००५ चा, तो अडकला. जानेवारी २०२३ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानं ही दलंही संघराज्याची सशस्त्र दलं आहेत असं म्हणून जुनी पेन्शन द्यायला सांगितलं, पण सर्वोच्च न्यायालयात त्याला स्थगिती मिळाली. एप्रिल २०२५ पासून युनिफाईड पेन्शनचा पर्याय आलाय. फॉर्म भरताना पोरांनी हे विचारलं नाही, मीच सांगितलं. अठराव्या वर्षी पेन्शन कुणाला सुचते!

पोरं गेल्यावर दारात सुभेदारकाका. मागं त्यांचा नातू, हातात दाखल्यांची फाईल. फौजेत आता अग्निवीर, चार वर्षांचा. काका बसले, चहा घेतला, पावसावर बोलले. मग हळूच म्हणाले, "याला कुठलं पहिलं टाकू सांग की. तुमच्यातलं."

नातवाला सीआयएसएफ पाहिजे होतं. गोव्याच्या दाबोळी विमानतळावर बघून आला होता, एसीत उभे असतात म्हणाला. मी हो-नाही काही म्हटलं नाही. पाटील नावाची तिन्ही स्पेलिंगं आधी एक करून आण म्हटलं आणि उद्या पहाटे साडेपाचला ये.

साडेपाचला दोघंही आले. काकांनी आपलं जुनं स्टॉपवॉच आणलं होतं. पोरगं चिखलात दोनदा घसरलं, शेवटच्या फेरीत तोंड उघडं टाकून पळालं. काकांनी घड्याळ माझ्यापुढं धरलं. २५ मिनिटं, १० सेकंद.

"सत्तर सेकंदं काढायची हाईत, हवालदार," ते म्हणाले आणि चपला काढून स्वतःच त्याच्याबरोबर चालायला लागले.