दाराखालचा अजगर

नाशिकच्या थंडीचं कौतुक करावं ते पाहुण्यांनी. डिसेंबरात मुंबईहून येतात, गंगापूर धरणावर चक्कर मारतात, 'काय गुलाबी थंडी आहे हो तुमच्याकडे!' म्हणतात आणि रविवारी संध्याकाळी कसारा घाट उतरून जातात. सोमवारी पहाटे साडेपाचला डबा करायला उरतो आम्ही. ओट्यापाशी उभं राहिलं की पावलांवरून काहीतरी गार सरपटत जातं. दारंखिडक्या तर सगळ्या बंद असतात.

सासूबाईंना हे सांगण्यात अर्थ नसतो. त्या निफाडकडच्या. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रात नोंदलेला पारा दर हिवाळ्यात पेपरात झळकतो, तेव्हा त्यांचा चेहरा माहेरच्या कोणाला बक्षीस मिळाल्यासारखा होतो. "तुमच्या नाशकात कसली आलीय थंडी! आमच्याकडं द्राक्षाच्या मण्यांना तडे जातात, पहाटे बागेत शेकोट्या पेटवाव्या लागतात," असं म्हणत त्या स्वतः मात्र दोन स्वेटरवर शाल घेऊन बसलेल्या असतात.

पण वारं शोधायची युक्ती त्यांचीच. "अगं, वारं कसं दिसेल? उदबत्ती लाव." मी उदबत्ती पेटवली, पंखे बंद केले आणि घरभर हळूहळू फिरले. मुलाने विचारलं, "आई, आज काय आहे?" वास्तुशांत, म्हटलं. भिंतीपाशी धूर सरळ वर जात होता. मुख्य दाराच्या उंबऱ्याशी उदबत्ती नेली आणि तो एकदम आडवा झाला. बेडरूमच्या सरकत्या खिडकीपाशीही तेच. मग स्टूलवर चढून बाथरूमच्या काचपट्ट्यांपाशी धरली, तर धूर बाहेर ओढला गेला. म्हणजे खालून गार हवा आत आणि वरून ऊबदार हवा बाहेर, असा रात्रभर बिनभाड्याचा प्रवास चालला होता. १० अंशांची हवा २५ अंशांच्या हवेपेक्षा सुमारे ५ टक्के जड असते, म्हणून ती जमिनीलगत येते आणि आधी पावलांना गाठते.

दाराखालची फट मोजली. जेमतेम १ सेंटिमीटर. इतक्याशा फटीने काय होतंय, असं वाटलं खरं. पण दार ९० सेंटिमीटर रुंद, म्हणजे ९० चौरस सेंटिमीटर. एवढंच भोक कोणी दाराच्या मधोमध पाडलं असतं, तर आख्खी मूठ आरपार गेली असती आणि आपण त्याच दिवशी सुतार बोलावला असता. फट मात्र सात वर्षं खपवून घेतली.

रविवार कारंजावर जाऊन फोमची चिकटपट्टी आणली. दाराखाली लावायची रबरी पट्टीही घेणार होते, पण सासूबाईंनी मोडता घातला. जुन्या नऊवारीचा काठाकडचा तुकडा कापून त्यांनी लांब नळकांडं शिवलं, फाटक्या गादीतला कापूस त्यात ठासला आणि जडपणा यावा म्हणून दोन्ही टोकांना वाळूच्या पुरचुंड्या घातल्या. हिरवं अंग, लाल काठ. मुलाने त्याला दोन बटणांचे डोळे लावून घेतले. रात्री शेवटचा माणूस आत आला की अजगर दाराशी पडतो. पहाटे पाय गारठत नाहीत. दूधवाला आला की मात्र आधी अजगराला लाथ मारावी लागते.

खिडकीचं काम माझ्याकडे होतं, आणि ते मी चांगलंच केलं. सरकत्या काचेच्या कडेला केसाळ पट्टी असते. ती झिजून टक्कल पडलेली, म्हणून मी फोम थेट रुळातच चिकटवला. काच हलेना. नवऱ्याने जोर लावला तर हँडल हातात आलं. मग दोन दिवस सुरीने फोम खरवडत बसले, आणि कडेची पट्टी बदलून घेतली तेव्हा कुठे काम झालं. तेवढ्यात बाहेरच्या रुळाच्या तळाशी दोन लहान भोकं दिसली. तिथूनही वारं येत होतं. कारागिराचा निष्काळजीपणा, दुसरं काय! एम-सील मळलं आणि दोन्ही भोकं बुजवून टाकली. हिवाळा झकास गेला.

जूनच्या पहिल्या मोठ्या पावसात रूळ काठोकाठ भरला, आणि पाणी खिडकीवरून थेट आमच्या गादीवर. भोकं पाणी बाहेर जाण्यासाठीच ठेवलेली होती. स्क्रू-ड्रायव्हर घेऊन मी भर पावसात एम-सील टोकरत होते, तेव्हा सासूबाई मागे टॉवेल धरून उभ्या. त्या एक शब्द बोलल्या नाहीत. त्यापेक्षा बोलल्या असत्या तर बरं झालं असतं.

बोलल्या त्या रात्री, ओली गादी भिंतीला टेकवून झाल्यावर. त्यांच्या माहेरचं घर धाब्याचं, भिंती दीड हात जाड. दिवसभराचं ऊन त्या मातीत मुरायचं आणि रात्री हळूहळू आत यायचं. तरी चुलीवर छताला एक भोक ठेवलेलंच असे. थंडीत तिथून गारवा उतरे, म्हणून लहानपणी त्यांनी त्यात चिंध्यांचा बोळा कोंबला होता. सकाळी सगळं घर धुराने खोकत उठलं. "तुझी गादीच भिजली. मी मार खाल्ला होता," त्या म्हणाल्या.

यंदा डिसेंबर लागताच नवऱ्याने बाथरूमच्या काचपट्ट्यांकडे बोट दाखवलं. आंघोळीला कपडे काढले की तिथून पाठीवर सुरी फिरते, हे खरं आहे. उरलेला फोम त्याने शोधूनही काढला होता. पण आत गॅसचा गीझर आहे. हवा अपुरी पडली की त्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला ना रंग, ना वास. मी फोम काढून घेतला. खरं तर गीझर तिथून हलवायलाच हवा, आणि ते काम यंदाच्या यादीत पहिलं आहे.

तोवर काचपट्ट्या उघड्या आहेत. पहाटे आतून तांब्यांचा घाईघाईचा आवाज येतो, मधूनच नवऱ्याचं मोठ्याने 'हर हर गंगे', आणि सासूबाई बाहेरून सांगतात, "निफाडला असतास तर आंघोळच केली नसतीस."