काकूंना डोळे मिटायला सांगितलं तेव्हा

नौपाड्यातल्या काकूंच्या तळपायांची संवेदना मधुमेहाने बरीच गेलीय, म्हणून मी त्यांचा तोल तपासत होते. खुर्चीतून उठून ३ मीटर चालायचं, वळून परत येऊन बसायचं, ही चाचणी त्यांनी ११ सेकंदांत केली. साधारण १३.५ सेकंदांच्या वर गेलं की पडण्याचा धोका जास्त धरतात, म्हणून मुलगा खूश. मी मात्र नव्हते. वळताना काकूंचा हात हळूच कपाटाला लागला होता.

मग पाय जुळवून उभं केलं. मी मागे, हात पसरून. "आता डोळे मिटा." चार-पाच सेकंदांतच त्या डोलायला लागल्या. पायांकडून जमिनीची खबर येत नाही, ती उणीव डोळे भरून काढत होते. म्हणजे रात्री अंधारात, किंवा तोंडाला साबण असताना?

"पडलात का कधी?"

"छे!" मग हळूच म्हणाल्या, "मोरीच्या उंबऱ्याशी दोनदा धडपडले. त्याला सांगू नकोस गं, कोपिनेश्वरालासुद्धा एकटी सोडणार नाही."

ही धडपड मला सेकंदांपेक्षा मोठी वाटते. दोघांना समोर बसवून बोललो. मोरीत दांडी, रात्री बारीक दिवा. देवळाचं जाणं चालू राहील, काठी घेऊन. मंगळवारी जिना बघायचाय.