पंप बदलायला दोन तास, एका बोल्टला तीन दिवस

पुण्यात धायरीत आमचा पाण्याच्या जारचा धंदा आहे. वीस लिटरचे जार, एक पिकअप, मी आणि माझा मेहुणा. दिवसभर लोकांच्या घरी शुद्ध पाणी पोचवायचं आणि आपल्याच गाडीच्या रेडिएटरमध्ये बोअरचं खारट पाणी ओतायचं, हा उद्योग आम्ही चार वर्षं केला. कूलंट, म्हणजे इंजिन गार ठेवणारं आणि गंज रोखणारं द्रव, ही पैसे काढायची युक्ती, असं मेहुण्याचं मत. माझंही काही वेगळं नव्हतं, उगाच त्याच्यावर कशाला ढकलू.

रविवारी नवले पुलावरून कात्रजच्या नव्या बोगद्याकडे चढताना तापमानाचा काटा लाल पट्टीला टेकला. सोमवारी सकाळी गाडीखाली ताटाएवढा ओला डाग. वॉटर पंपाच्या, म्हणजे इंजिनात पाणी फिरवणाऱ्या पंपाच्या, पोटाला खालच्या अंगाला एक बारीक भोक असतं, त्याच्याखाली गंजाच्या रंगाचा ओघळ होता. आतलं सील गेलं की पाणी त्या भोकातून ठिबकतं. ते भोक त्यासाठीच ठेवलेलं असतं. मेहुणा एम-सील घेऊनच आला होता. ते भोक बुजवू नका. पाणी मग बेअरिंगमध्ये शिरतं आणि एक दिवस पुली डगमगून पंखा रेडिएटरवर जाऊन आदळतो. इंजिन बंद असताना मी पुली धरून हलवली तर ती लटलटत होती. म्हणजे बेअरिंगही गेलंच होतं.

गॅरेजवाल्यानं पंपासकट साडेपाच हजार सांगितले आणि गाडी तीन दिवस ठेवा म्हणाला. मी म्हटलं, तीन दिवस? दोन तासांचं काम आहे, घरीच करू. (पुढं काय झालं ते शीर्षकात आलंच आहे.)

पंप नाना पेठेत मिळाला. जाताना जुना पंप खोलून न्यायची गरज नाही, पण आरसीचा फोटो मोबाईलमध्ये ठेवा. आमच्या गाडीच्या बीएस-३ आणि बीएस-४ मॉडेलचे पंप सख्ख्या भावांसारखे दिसतात, फरक फक्त पुलीच्या उंचीत. चासी नंबर पाहिल्याशिवाय दुकानदार डबा काढेना, आणि ते बरंच झालं. सोबत पॅकिंग, थर्मोस्टॅट (पाणी तापलं की रेडिएटरची वाट उघडणारी झडप) आणि फॅन बेल्टही घेतला. एवढं खोलायचंच आहे तर दोन-चारशे रुपयांच्या वस्तूसाठी परत तेच करत बसू नये.

बुधवारी संध्याकाळी सुरुवात. बॅटरीची निगेटिव्ह वायर काढली, गार इंजिनावर रेडिएटरचं झाकण उघडलं, खालची तोटी सोडली. गरम असताना झाकणाला हात लावू नका, आतलं पाणी दाबाखाली असतं, थेट तोंडावर येतं. बादलीत चहासारखं पाणी पडलं. पंखा, बेल्ट, होज पाइप, पुली, सगळं तासाभरात बाहेर. आमचा पंखा चार नट सोडले की निघतो. काही गाड्यांत मधला मोठा नट असतो आणि त्याचे आटे उलटे असतात, तेव्हा जोर लावायच्या आधी मॅन्युअल बघा.

पंपाला सहा बोल्ट. पाच सुटले. सहावा अल्टरनेटरच्या बाजूला, सगळ्यात खाली, जिथं हात नीट पोचत नाही. बारा नंबरची गोटी (सॉकेट) लावली, जोर दिला, हलेना. मेहुणा म्हणाला, पाइप घाल. मी टॉमीला, म्हणजे गोटीच्या दांड्याला, दोन फुटी पाइप घातला आणि ओढला. आधी करकर झालं, मग एकदम लोण्यासारखं सैल. मला वाटलं सुटला. गोटी उलटी केली तर तळहातावर बोल्टचं नुसतं डोकं पडलं. तुटलेल्या जागी मध्ये राखाडी चकाकी आणि भोवती तपकिरी कडा. म्हणजे तो बाहेरून आधीच अर्धा गंजला होता, उरलेलं काम मी केलं. आमच्या इंजिनात या बोल्टची भोकं थेट पाण्याच्या पोकळीत उघडतात. चार वर्षांचं बोअरचं पाणी तिथं साचून बसलं होतं.

शेजारचे काका गॅलरीतून बघत होते. पिंपरीत तीस वर्षं फिटर होते. खाली आले, डोकं हातात घेतलं, उलटसुलट केलं आणि म्हणाले, ‘‘आधी विचारलं असतंस तर सांगितलं असतं.’’ मग सांगितलंच. गंजलेला बोल्ट सोडायला जाताना आधी तो किंचित आवळायचा. जरासा. मग सैल करायचा, परत आवळायचा, परत सैल. मागेपुढे, मागेपुढे. गंज पिठासारखा भुरभुरतो. आदल्या रात्री गंज सोडवायचं तेल मारून ठेवायचं. पाइप घालायचा नाही. पाइप घातला की हाताला कळेनासं होतं, बोल्ट सुटतोय की पिळतोय. हे सगळं मी मान खाली घालून ऐकलं.

पंप त्या तुटक्या बोल्टावर अडकला होता. लाकडाचा तुकडा ठेवून चहूबाजूंनी टकटक केल्यावर निघाला. बोल्टचा तुकडा इंजिनाच्या ब्लॉकमधून पाच-सहा मिलिमीटर बाहेर राहिला. मी ग्रिप पक्कड लावली. ती घसरली आणि तुकडा गोल झाला. मग ड्रिल काढलं तेव्हा काकांनी माझ्या हातातून काढून घेतलं. ड्रिल एक मिलिमीटर सरकलं तरी ब्लॉकचे आटे जातात. ईझी-आउट, म्हणजे तुटका बोल्ट काढायचं उलट्या आट्यांचं हत्यार, लावला आणि तो आत तुटला तर त्याच्या कडक पोलादात ड्रिल चालत नाही, मग ब्लॉकच खाली उतरवायचा. ‘‘वेल्डिंगवाला बोलाव, नट चिकटवून काढेल.’’

आणि इथून माझा खरा राग सुरू होतो.

ओळखीच्या एका वेल्डिंगवाल्याला रात्री आठला फोन केला. ‘‘दादा, सकाळी साडेनऊला येतो.’’ गुरुवार उजाडला. पुण्यात गुरुवार म्हणजे काय ते सांगायला नको. नळाला पाणी नाही, दहाला दुरुस्तीसाठी लाईट गेली. नळ कोरडे, म्हणजे आमच्या धंद्याचा सगळ्यात मोठा दिवस. फोनवर फोन, जार कधी येतोय, आणि गाडी अंगणात तोंड उघडून उभी. १,२०० रुपये देऊन टेम्पो भाड्यानं घेतला आणि मेहुण्याला पाठवलं. साडेअकराला वेल्डिंगवाल्याला फोन. ‘‘लाईट नाही ना दादा, आली की निघतो.’’ खरंच होतं, बोलणार काय. पावणेपाचला लाईट आली. फोन. ‘‘निघालोच, पाच मिनिटं.’’ सहा. ‘‘वडगावात आहे.’’ सात. फोन उचलला नाही. साडेआठला मेसेज, उद्या नक्की, आणि पुढं हात जोडलेला इमोजी.

मी मधल्या वेळात दर दोन तासांनी त्या बोल्टावर तेल सोडत होतो आणि त्याच्याकडे बघत होतो. बायको म्हणाली, ‘‘नजर लावून निघायचा असता तर केव्हाच निघाला असता.’’ शुक्रवारी दुपारी एकपर्यंत ‘नक्की’ला काही अर्थ नाही हे कळलं. तेव्हा काकांनी नऱ्ह्यातल्या वर्कशॉपमधल्या एका मिस्त्रींना फोन लावला. मी बुधवारीच काकांना नंबर विचारला असता तर! पण मला वाटलं, माझी ओळख आहे.

मिस्त्री स्कूटरवर वेल्डिंगचं छोटं इन्व्हर्टर मशीन घेऊन तीनला आले. आल्या आल्या विचारलं, बॅटरी काढली का? निगेटिव्ह सुटलेलीच होती, तरी त्यांनी दुसरीही सोडायला लावली. वेल्डिंगचा करंट अल्टरनेटरमध्ये आणि ईसीएममध्ये (इंजिनाच्या कंप्युटरमध्ये) गेला तर पंपाचा खर्च किरकोळ वाटेल. डिझेलच्या नळीवर ओलं पोतं टाकलं. तुकड्यावर नट ठेवला, नटाच्या भोकातून आत ठिणगी मारली. पहिला नट पाना लावताच सुटून आला. माझ्या पोटात गोळा. ते म्हणाले, ‘‘होतं असं,’’ आणि दुसरा चिकटवला. लाली जाईपर्यंत थांबले. मग खिशातून मेणबत्तीचा तुकडा काढून गरम बोल्टाच्या बुडाला टेकवला. मेण वितळून आट्यांत ओढलं गेलं. पाना लावला, एक इंच पुढं, एक इंच मागं. कुईई असा आवाज आला आणि बोल्ट फिरायला लागला. सगळं मिळून दहा मिनिटं. तीनशे रुपये मागितले. मी पाचशे दिले, दोनशे त्यांनी परत केले.

बाकीचं शनिवारी सकाळी. बोहरी आळीतून ८ मिलिमीटरचा आटे पाडायचा टॅप आणून सहाही भोकांचे आटे साफ केले. जुनं पॅकिंग खरवडताना पाण्याच्या भोकात कापडाचा बोळा घाला, नाहीतर कचरा आत जातो, आणि नंतर बोळा काढायला विसरू नका. थर्मोस्टॅटवर ८२, म्हणजे तो किती अंश सेल्सियसला उघडतो ते, छापलेलं होतं. बसवायच्या आधी चहाच्या पातेल्यात उकळून पाहिला, उघडला. (पातेलं नवीन आणून द्यावं लागलं.) बोल्ट सगळे नवे, आट्यांना सीलंट लावून, आधी हातानं धरवले, मग समोरासमोरचे आळीपाळीनं, टॉर्क पान्यानं २२ न्यूटन-मीटरवर. बोल्ट वेगवेगळ्या लांबीचे असतात. काढतानाच पुठ्ठ्यावर पंपाचं चित्र काढून ज्याच्या त्याच्या जागी खोचून ठेवायचे, हे वर लिहायला हवं होतं.

रेडिएटर चार वेळा धुतला तेव्हा कुठं पाणी स्वच्छ आलं. मग कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मंनिम्मं. कूलंट सांडलं तर लगेच पुसा. चवीला गोड असतं आणि विषारी. गल्लीतली कुत्री चाटतात. गाडीचं तोंड चढाकडे करून उभी केली, हीटर पूर्ण गरमवर, झाकण उघडं ठेवून इंजिन सुरू केलं. आत अडकलेली हवा बुडबुड करत बाहेर येते तसतशी पातळी खाली जाते आणि भरत राहावं लागतं. याला घाई केली तर नवा पंप असूनही गाडी तापते.

मी हातात कॅन धरून उभा असताना फोन वाजला. वेल्डिंगवाला. ‘‘दादा, निघालोच.’’

म्हटलं, ‘‘सावकाश या.’’

संध्याकाळी तीस भरलेले जार टाकून बोगद्यापर्यंत चढवली. काटा मध्यावर, जागचा हलला नाही. रविवारी सकाळी गार इंजिनावर पाहिलं तर अर्धा लिटर आणखी लागलं. गाडीखालची फरशी कोरडी होती. मेहुण्यानं वाकून हातानं पुसून पाहिली.