गावदेवी खाडीत कशी गेली?

नवी मुंबईचा जुना नकाशा स्कॅन करून हवाय, असं कुणी म्हणालं की मी आधी विचारते, नवी मुंबईचा कुठला भाग? देशाचे नकाशे काढणाऱ्या सर्व्हे ऑफ इंडिया या सरकारी खात्याच्या एका शीटवर हे शहर मावत नाही. ७३ अंश पूर्व रेखावृत्त वाशी स्टेशनाजवळून जातं आणि १९ अंश उत्तर अक्षवृत्त नेरुळच्या दक्षिणेला, खाडीच्या बाजूने. या दोन रेघांवर चार शीट एकमेकांना भिडतात. महापे, बेलापूर, खारघर ४७ ई/४ वर, ठाणे शहर ४७ ए/१६ वर, उरण ४७ बी/१३ वर आणि पनवेल ४७ एफ/१ वर. या चौकटी आखल्या गेल्या तेव्हा हे शहर कुणाच्या स्वप्नातही नव्हतं. हे शहर वसवणारी सिडको आली १९७० साली.

मी महाप्याला एमआयडीसीत मोठ्या आकाराचे नकाशे आणि ड्रॉइंग स्कॅन करण्याचं काम करते. गेल्या पावसाळ्यात तिघं जण आले, दोन तरुण आणि त्यांच्यासोबत सत्तरीपुढचे एक काका. त्यांचं गाव नवी मुंबई विमानतळासाठी उठवलेल्या दहा गावांपैकी. घरं नव्या जागी गेली, पण जुन्या गावात काय कुठे होतं ते पोरांना दाखवायला काही उरलं नाही, म्हणून नव्या सभागृहात जुना नकाशा मोठा करून लावायचा होता. सॅटेलाइटच्या चित्रावर तो बसवून जुनी ठिकाणंही दाखवायची होती.

नकाशा शाळेच्या कपाटातला. इंच-मैलाचं जुनं शीट, म्हणजे जमिनीवरचा एक मैल कागदावर एक इंच. गावातल्या गुरुजींनी त्यावर लाल पेन्सिलीने खुणा केल्या होत्या: शाळा, दोन विहिरी, गावदेवी, होळीचा माळ. काका त्यांचेच विद्यार्थी.

"ताई, आम्ही एकदा स्कॅन करून आणलंय," एका तरुणाने पेनड्राइव्ह पुढे केला. "पण सॅटेलाइटवर बसवलं की आमची गावदेवी खाडीत जाते."

फाइल उघडली. जेमतेम चार एमबीची जेपीजी. ज्याने कुणी स्कॅन केलं होतं त्याने 'बॅकग्राउंड साफ' करून दिलं होतं. पिवळट कागद पांढराशुभ्र, डाग गायब. पण डागांबरोबर खाडीकाठचे फिके ठिपकेही गेले होते, खाजणाची हद्द पुसली गेली होती आणि सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या तपकिरी उंचीरेषा जिथे दाट होत्या तिथे त्यांचा चिखल झाला होता. गुरुजींच्या पेन्सिलखुणा तर मशीनने मळ समजून निम्म्याहून जास्त खाऊन टाकल्या होत्या.

या गोष्टीचा मला मनापासून राग येतो. अशा नकाशात रंग हीच भाषा असते. तपकिरी म्हणजे उंची, निळं म्हणजे पाणी, हिरवं म्हणजे झाडी, पिवळं म्हणजे लागवडीखालची जमीन, लाल म्हणजे वस्ती आणि रस्ते. अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षण खात्याने १९९० च्या दशकात आपली शीट स्कॅन केली तेव्हा प्रत्येक शीट १३ ठरावीक रंगांत बसवलं होतं. फाइल लहान होते आणि छापील, कोऱ्या शीटसाठी ते चालूनही जातं. पण हाताच्या खुणा असलेल्या शीटचं तसं केलं तर गुरुजींची लाल पेन्सिल आणि छापील लाल वस्ती एकच होऊन बसेल. असं शीट पूर्ण २४ बिट रंगातच घ्यायला हवं, डागांसकट. साफसफाई करायचीच तर ती नंतर, वेगळ्या प्रतीवर.

आता गावदेवी खाडीत का जाते? नकाशा टेबलावर उलगडला आणि कारण समोर आलं. शीट कापडावर चिकटवलेलं होतं. घडी पडावी आणि कागद घडीवर फाटू नये म्हणून पूर्वी नकाशाचे चौकोनी तुकडे कापून, मध्ये बारीक फट ठेवून कापडावर लावायचे. मी पट्टीने फटी मोजल्या, दोन ते तीन मिलिमीटर. हातात धरून वाचताना त्या जाणवतही नाहीत. पण या शीटवर १ मिलिमीटर म्हणजे जमिनीवर ६३ मीटर. प्रत्येक फट नकाशात दीडशे मीटरच्या आसपास नसलेली जमीन घुसवते. आधीच्याने फक्त चार कोपरे पकडून नकाशा ताणून बसवला होता. त्यामुळे कोपरे बरोबर आणि फटींलगतचं सगळं शंभरेक मीटर इकडेतिकडे. विमानतळाची जागा ४७ एफ/१ च्या अगदी वरच्या कडेला येते आणि गुरुजींची गावदेवी नेमकी एका फटीला चिकटून होती.

त्यात आणखी एक घोळ. शीटवरचे अक्षांश-रेखांश एव्हरेस्टच्या लंबगोलावर, म्हणजे पृथ्वीच्या आकाराच्या एका जुन्या गणिती ठोकताळ्यावर धरलेले असतात. ज्यांचं नाव शिखराला दिलं, त्याच सर जॉर्ज एव्हरेस्ट यांनी तो १८३० साली ठरवला. मोबाइलमधला जीपीएस मात्र डब्ल्यूजीएस ८४ या नव्या ठोकताळ्यावर चालतो. एकाचे आकडे दुसऱ्याचे समजून टाकले की अख्खं शीट सरकतं. आधीच्या फाइलमध्ये तेही झालं होतं.

"इस्त्री फिरवू का जरा? सपाट होईल," दुसऱ्या तरुणाने विचारलं. मी जवळजवळ ओरडलेच. उष्णतेने कागद आणि कापड वेगवेगळे आकसतात आणि खालची खळ सुटते. पावसाळ्याची हवा खाऊन कागद तसाही फुगलेला होता. एसीच्या खोलीत, टिपकागदामध्ये, वर वजन ठेवून तो रात्रभर राहू दिला. रोलरने कागद ओढून घेणाऱ्या स्कॅनरमध्ये असा नकाशा घालायचाच नसतो. तो मध्येच घसरला तर लांबी बदलते आणि कडा निघाली तर तुकडाच जातो. कागद जागेवर पडून राहतो आणि कॅमेरा वरून सरकतो, त्या मशीनवर घेतला. शेजारी रंग ताडून बघायला रंगपट्टी ठेवली, ४०० डीपीआय म्हणजे एका इंचात ४०० ठिपके, आणि जेपीजीऐवजी टिफ फाइल. फाइल पावणेतीनशे एमबीच्या वर गेली.

मूळ फाइल तशीच बाजूला ठेवली. दुसऱ्या प्रतीवर तुकडे वेगळे केले आणि एकेक सरकवत फटी मिटवल्या. रस्ता रस्त्याला, नाला नाल्याला, उंचीरेषा उंचीरेषेला. कापणाऱ्याच्या सुरीने केसभर कागद खाल्लेला असतो, त्यामुळे काही ठिकाणी रेषा हट्ट करतात. तिथे दोन्हीकडचा उतार बघून ठरवावं लागतं. मग शीटवर दर पाच मिनिटांना अक्षांश-रेखांशाच्या रेघा जिथे छेदतात ते सोळाच्या सोळा बिंदू पकडले, एव्हरेस्टवरून डब्ल्यूजीएसवर आणलं आणि खाली सॅटेलाइटचं चित्र घातलं.

दुपारी तिघं आले. मी नकाशा अर्धा पारदर्शक करून दाखवला. खाली विमानतळाचा सपाट पसारा, वर तपकिरी रेषांची दाटी.

"हा आमचा डोंगर," काका स्क्रीनला नाक लावून म्हणाले. "आता नाय तो."

उलव्याचा डोंगर विमानतळासाठी कापला, नदीचा प्रवाह वळवला, हे मी वाचलेलं होतं. पण त्या उंचीरेषा, पन्नास-पन्नास फुटांची एकेक पायरी, सपाट जमिनीवर तरंगताना बघितल्या तेव्हा केवढं काय गेलं ते समजलं. नदीचं जुनं निळं वळण आता दुसरंच काही असलेल्या जागेवरून जात होतं. काकांनी बोट त्या वळणावरून नेलं आणि कुठे जाळं लावायचे, कुठला बांध दरवर्षी फुटायचा, खारं पाणी कुठवर आत यायचं, ते तरुणांना सांगत सुटले. एकाने मोबाइलवर रेकॉर्डिंग सुरू केलं. मी प्रत्येक ठिकाणावर बिंदू टाकत गेले.

गावदेवी खाडीतून बाहेर आली होती. ती आता विमानतळाच्या कुंपणाच्या आत होती.

एका विहिरीवरून मात्र काका अडून बसले. "गुरुजी चुकले. ही वडाच्या ह्या अंगाला होती." मी त्यांना खूण मोठी करून दाखवली. पेन्सिलीचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा, म्हणजे जमिनीवर तीस मीटर रुंद. वडाच्या दोन्ही अंगांना तो पुरतो. काकांना ते काही पटलं नाही. शेवटी त्यांची विहीर वेगळ्या रंगात, वेगळ्या थरावर टाकली आणि खाली लिहिलं, 'ग्रामस्थांच्या आठवणीनुसार'. गुरुजींचा ठिपका हलवला नाही.

त्यांना तीन फाइल दिल्या. मूळ स्कॅन, फटी मिटवलेला नकाशा आणि छपाईची प्रत. मूळ नकाशा पुन्हा घडी घालू नका, मोठ्या नळीवर गुंडाळून ठेवा, असं सांगितलं. तेवढ्यात शेजारच्या गावाच्या माणसाचा फोन एका तरुणाने माझ्या हातात दिला. त्यांच्याकडेही तसंच शीट आहे म्हणाले, पण मागच्या वर्षी लॅमिनेट करून घेतलंय. लॅमिनेशनवर चकाकी येते, रंग दबतात, आणि ते सोलायला गेलं तर कागदच निघून येतो. चकाकी टाळायला दिवे बाजूने लावावे लागतील. तरी घेऊन या म्हटलं, घडी न घालता.