सरी की वरंबा?

माझं त्वचारोगाचं क्लिनिक कर्वे रोडला. भोर तालुक्यातले एक डॉक्टर मोबाईलला डर्मोस्कोप लावून फोटो पाठवतात. डाग दहापट मोठा दिसतो आणि पोलराइज्ड उजेडामुळे कातडीवरची चकाकी जाऊन आतला रंग कळतो.

ऐन भातलावणीत एका आजींच्या टाचेवरच्या काळ्या डागाचा फोटो आला. काटा मोडून रक्त साकळलंय, असं आजींचं म्हणणं. फोटो धूसर, मापाला शेजारी काही नाही. मी व्हिडिओ कॉल लावला.

"सर, टाच स्पिरिटनं पुसा, जेल लावा, पट्टी ठेवा."

डाग ११ मिलिमीटरचा. तळव्याच्या कातडीवर शेतातल्यासारखे सरी-वरंबे असतात. साध्या तिळाचा रंग बहुधा सरीत दिसतो, मेलानोमाचा, म्हणजे कातडीच्या एका कॅन्सरचा, वरंब्यावर. आपल्याकडे मेलानोमा तसा दुर्मीळ, पण होतो तेव्हा बऱ्याचदा तळपायावर, आणि तळपाय बघतो कोण? इथे तर घट्ट्यामुळे सरी कुठली, वरंबा कुठला, तेच लागेना.

"मार्कर आहे का?"

डॉक्टर क्षणभर गप्प. डागावर शाई फासून पुसली की ती फक्त सऱ्यांत अडकते. पेशी दाखवणारे कॉन्फोकल मायक्रोस्कोपही असतात, पण भोरच्या दवाखान्यात मार्करच सापडणार. निळ्या बारीक रेघा उमटल्या. तपकिरी पट्टे त्यांच्या मधल्या जागेत, म्हणजे वरंब्यावर.

तरी साकळलेलं रक्तही असं दिसू शकतं. म्हणून ब्लेडनं वरचा थर हलकेच खरवडायला सांगितलं. रक्त असतं तर पापुद्र्याबरोबर निघालं असतं. रंग हलला नाही.

"आजी, उद्याच पुण्याला या. तुकडा काढून तपासायला हवा. कॅन्सर असू शकतो."

"लावणी आवरू दे की गं."

"लावणी घरचे बघतील."

सरांनी मुलाला बोलावून घेतलं. दुसऱ्या दिवशी मायलेक एसटीनं स्वारगेटला उतरले. बायोप्सीत मेलानोमाच निघाला, पण अजून कातडीच्या वरच्या थरातच होता. आजूबाजूच्या थोड्या कातडीसकट डाग काढला आणि तिथे दुसरीकडची कातडी बसवली. आजींचा पहिला प्रश्न, चिखलात कधी उतरू? यंदा नाही, म्हटल्यावर त्या माझ्याशी दिवसभर बोलल्या नाहीत.

पुढे भोरहून आणखी एका तळव्याचा फोटो आला. पट्टी ठेवलेली, शाई न सांगता लावलेली. डाग ४ मिलिमीटर, रंग सरळ सरीत. मी कळवलं, "पुण्याला पाठवू नका. तीन महिन्यांनी पुन्हा फोटो काढा."