होयरचं स्टॉपवॉच: मिनिटाचा काटा अखेर रेघेवर

मंडळी, होयर या स्विस घड्याळ कंपनीच्या जुन्या स्टॉपवॉचचं काम बरंच पुढे सरकलंय. मागच्या वेळी सगळे भाग धुऊन डब्यांत ठेवले होते, तिथवर सांगितलं होतं. आता यंत्र पुन्हा जुळलंय, चालतंय, आणि तिसऱ्या दाबाला दोन्ही काटे शून्यावर येतायत. तबकडीवरचे डाग तसेच ठेवणार आहे. त्यांना हात लावला तर छापील रेघा जातील, आणि या घड्याळात रेघा हेच सगळं.

नव्यांसाठी थोडक्यात. पुण्याच्या जुन्या बाजारात मिळालेलं, खिशात मावणारं, तीस मिनिटांपर्यंत मोजणारं साधं स्टॉपवॉच आहे. एकच खटका: सुरू, बंद, शून्य. बॅलन्स, म्हणजे घड्याळाची चाल ठरवणारं मागेपुढे झुलणारं चाक, तासाला १८,००० ठोके देतो, म्हणजे सेकंदाला पाच. त्यामुळे मोठ्या, म्हणजे सेकंदाच्या काट्याच्या फेरीत ३०० पावलं पडतात आणि तबकडीच्या कडेला तेवढ्याच रेघा आहेत. मोठा काटा बसवताना काटे शून्यावर आणणारा हातोडा हृदयाच्या आकाराच्या कॅमवर (काट्याच्या अक्षावरच्या चकतीवर) दाबलेलाच ठेवला आणि मग काटा बरोबर ६० वर रेटला. हे केसभर चुकलं तर प्रत्येक थांबा दोन रेघांच्या मध्ये येतो आणि वाचन कायमचं संशयास्पद होतं.

सुरुवातीचा आळसही गेला. स्टॉपवॉचमध्ये एक पातळ पोलादी पातं बॅलन्सच्या कडेला टेकून त्याला रोखून धरतं. खटका दाबला की ते बाजूला होतं आणि जाता जाता बॅलन्सला टिचकी मारतं, म्हणून घड्याळ पहिल्या क्षणापासून पळतं. आधी ज्यांच्या हातून हे गेलं त्यांनी तिथे तेल सोडलं होतं. पातं चिकटायचं, टिचकी कमी पडायची. आता तिथे थेंबभरही तेल नाही.

खरा वेळ खाल्ला मिनिटाच्या काट्याने. सेकंदाच्या अक्षावर एक बारीक बोट असतं. फेरी संपत आली की ते मिनिटाच्या चाकाचा दात ढकलतं आणि जम्पर स्प्रिंग चाकाला पुढच्या खाचेत बसवते. माझ्याकडे सेकंद काटा ५२-५३ वर असतानाच मिनिट काटा हलायचा आणि दोन रेघांच्या मध्ये लोंबकळत राहायचा. चार मिनिटं ५५ सेकंद झालीत की पाच मिनिटं ५५, हे बघणाऱ्याने कसं ठरवायचं? जम्पर पूर्वी कधीतरी वाकवलेला होता. भिंगाखाली चिमट्याने तो सरळ केला आणि त्याचं टोक बारीक दगडावर हलक्या हाताने घासून गुळगुळीत केलं. आता मिनिट काटा ५८ ला निघतो आणि ६० ला रेघेवर टेकतो.

एवढ्याशा गोष्टीवर इतका जीव का टाकायचा, याचं उत्तर होयर कंपनीच्या स्वतःच्या इतिहासात आहे. १९५८ साली स्वित्झर्लंडमधल्या एका रॅलीत संस्थापकांचे पणतू जॅक होयर नॅव्हिगेटर म्हणून बसले होते. डॅशबोर्डवर त्यांच्याच कंपनीचा ऑटाव्हिया टायमर होता. हलत्या गाडीत तबकडी वाचताना एका मिनिटाची गफलत झाली आणि पहिला नंबर हुकून तिसरा आला. ऑटाव्हिया १९३३ पासून बनत होता, बाजारात त्याचं नाव होतं. तरीही जॅकनी दोष तबकडीला दिला आणि ती बदलायला घेतली. त्यातून मॉन्टे कार्लो हा टायमर आला. त्यात तास छोट्या काट्याने दाखवायचे सोडून खिडकीतल्या आकड्याने दाखवले. कंपनीच्या मालकाने आपलाच माल शर्यतीत वापरावा, त्यात मार खावा आणि परत येऊन तो सुधारावा, हे मला या घराण्याच्या सगळ्या कहाणीत सर्वांत मोलाचं वाटतं.

१९६३ची कॅरेरा, म्हणजे स्टॉपवॉच असलेलं मनगटी घड्याळ, त्याच विचारातून आली. नाव मेक्सिकोतल्या कॅरेरा पानामेरिकाना या १९५० ते १९५४ दरम्यान झालेल्या जीवघेण्या रोड रेसवरून. अमेरिकेतल्या सेब्रिंगच्या शर्यतीत पेद्रो आणि रिकार्दो रॉड्रिगेझ या भावांच्या आईवडिलांकडून जॅकनी ते ऐकलं. पण नावापेक्षा तिची तबकडी बघा. काच घट्ट धरायला आतून एक कडं बसवलेलं असतं. सेकंदाच्या पाच भागांच्या रेघा जॅकनी त्या कड्यावर छापल्या. मधली सगळी जागा मोकळी झाली, आणि नजर टाकली की वाचता येईल असं घड्याळ मिळालं. आज कॅरेरा नावाखाली जी काही गजबजलेली घड्याळं निघतात ती मला पटत नाहीत, ती याच कारणाने.

१९६९च्या मार्चमध्ये ब्राइटलिंग, हॅमिल्टन-ब्यूरेन आणि दुब्वा-देप्राझ यांच्याबरोबर बनवलेलं कॅलिबर ११ हे मनगटी स्टॉपवॉचचं स्वयंचलित यंत्र आलं, आणि त्याच्यासोबत चौकोनी मोनॅको हे घड्याळ. किल्ली डावीकडे, खटके उजवीकडे. मोनॅकोबद्दल आपल्यात पुष्कळ बोलून झालंय. ‘ल मां’ या शर्यतीवरच्या चित्रपटामुळे सगळे अभिनेता स्टीव्ह मॅक्वीनचं नाव घेतात. मला त्याआधीचा माणूस महत्त्वाचा वाटतो: फ्रिबूर्गचा जो सिफेर. १९६९ मध्ये होयरने करार केलेला हा पहिला शर्यतपटू. मॅक्वीनने पडद्यावर घातलेला पांढरा पोशाख, छातीवरच्या होयरच्या पट्टीसकट, सिफेरच्या पोशाखावरूनच घेतलेला. हाच सिफेर होयरची घड्याळं घाऊक भावात घेऊन शर्यतीच्या आवारात इतर चालकांना विकायचा. ऑक्टोबर १९७१ मध्ये ब्रँड्स हॅचला अपघातात तो गेला. पांढऱ्या तबकडीच्या ऑटाव्हियाला (त्याच नावाच्या मनगटी घड्याळाला) संग्राहक आजही त्याच्या नावाने ओळखतात.

त्याच वर्षी होयरचा फेरारीशी करार झाला. एन्झो फेरारींना घड्याळाच्या जाहिरातीपेक्षा वेळ मोजणारी यंत्रणा हवी होती. होयरने सेंटिग्राफ दिलं, म्हणजे अनेक गाड्यांच्या लॅपची वेळ कागदाच्या पट्टीवर छापणारं यंत्र, आणि ते चालवायला झाँ कांपिश हा स्वतःचा माणूस दिला. चालकांना सोन्याची कॅरेरा मिळायची. पाठीवर नाव आणि रक्तगट कोरलेला! त्या काळातली शर्यत किती जीवावरची होती ते त्या रक्तगटावरून कळतं.

परवा काटा जुळवताना एक हिशेब मांडून बघितला. ताशी ३०० किलोमीटर वेगाने गाडी सेकंदाला ८३ मीटर जाते. माझ्या स्टॉपवॉचच्या एका रेघेत ती जवळजवळ सतरा मीटर पुढे गेलेली असते. १९७१च्या मॉन्झाच्या शर्यतीत पीटर गेथिनने रॉनी पीटरसनला ०.०१ सेकंदाने हरवलं आणि पहिले पाच जण ०.६१ सेकंदात आले, म्हणजे माझ्या तबकडीवर जेमतेम तीन रेघा. शंभरांश सेकंद मोजणारं मिक्रोग्राफ होयरने १९१६ मध्येच बनवलं होतं. त्याचा बॅलन्स तासाला ३,६०,००० ठोके द्यायचा. माझ्या घड्याळाच्या वीसपट, तेही पूर्ण यांत्रिक.

पुढे १९८५ मध्ये टॅग या उद्योगसमूहाने कंपनी घेतली, ती टॅग होयर झाली, मॅक्लारेनशी तीस वर्षांची जोडी जमली, आणि १९९२ ते २००३ फॉर्म्युला वनची अधिकृत वेळ टॅग होयरने मोजली. त्यातलीच १९९७ची हेरेझची पात्रता फेरी. विलन्यूव्ह, शूमाकर आणि फ्रेंटझेन, तिघांचीही वेळ १ मिनिट २१.०७२ सेकंद. त्या वेगाला सेकंदाचा हजारावा भाग म्हणजे साडेपाच सेंटिमीटर. तेवढ्यातही फरक सापडला नाही, म्हणून ज्याने आधी ती वेळ नोंदवली तो विलन्यूव्ह पुढे उभा राहिला. २०२५ पासून ही कंपनी पुन्हा अधिकृत वेळमापक झालीय.

माझ्या घड्याळाची चाल आता अर्ध्या तासात एका सेकंदाच्या आत आहे. दोन रेघांच्या आत आणायचीय. हेअरस्प्रिंग (बॅलन्सला झुलवणारी केसासारखी बारीक स्प्रिंग) अजून एका बाजूला किंचित झुकते, तिथे हात घालायचा आहे.

त्यानंतर रॅली-मास्टर या होयरच्या डॅशबोर्डवरच्या जोडीच्या धर्तीवर पत्र्याची पट्टी: एका बाजूला आठ दिवस चालणारं घड्याळ, दुसऱ्या बाजूला हे. आपल्याकडच्या टीएसडी (वेळ-वेग-अंतर नेमून दिलेल्या) रॅलीत नॅव्हिगेटर म्हणून बसणाऱ्यांनी एक सांगावं. पट्टी सपाट ठेवू की नॅव्हिगेटरकडे थोडी वळवू? वळवली तर काच चमकते, सपाट ठेवली तर तिरकं वाचावं लागतं आणि काटा शेजारच्या रेघेवर दिसतो. मी वळवण्याच्या बाजूने आहे. पत्रा अजून कापलेला नाही, तुमचं आलं की कापतो.