आमची वाटचाल : घेरापासून चुणीपर्यंत

नृत्याचे कपडे शिवायला सुरुवात केली ती कथकच्या घेरदार अंगरख्यापासून. पूर्ण गोल घेराचं गणित दिसायला सोपं आहे: कमरेच्या मापाला 6.28 ने भागलं की त्रिज्या मिळते. कंबर 28 इंच, तर त्रिज्या साधारण साडेचार. पण कात्री साडेचारवर चालवली की घात झालाच. अर्धा इंच माया (शिलाईसाठी सोडलेलं कापड) आत गेल्यावर शिलाईची रेघ पाचावर येते आणि कंबर 31 इंचांच्या पुढे जाते. म्हणून कापायचं चारावर.

दुसरी अडचण उरेबाची, म्हणजे धाग्यांना तिरक्या येणाऱ्या कापडाची. गोल घेरात चार ठिकाणी कापड उरेब येतं आणि तिथे ते स्वतःच्याच वजनाने लोंबतं. घेर दोन दिवस टांगून ठेवायचा, मग जमिनीपासून मोजत खडूने रेघ मारायची आणि त्यानंतरच कड दुमडायची. 36 इंच उंचीच्या घेराची कड साडेसहा मीटरच्या आसपास भरते. दुमड पाव इंचाहून रुंद घेतली तर वळणावर सुरकुत्या पडतात.

हाच गोल पुढे तेन्नुरेसाठी कामी आला. तुर्कस्तानातल्या मेव्हलेवी दर्वेशांचा, म्हणजे गिरक्या घेणाऱ्या सूफी साधकांचा, हा पांढरा घेर गिरकीत छत्रीसारखा उघडतो. त्याच्या कडेला वजन लागतं आणि ते सगळीकडे सारखं हवं, नाहीतर घेर डगमगतो. रंगीत तेन्नुरे शिवून मागणारेही भेटतात. पण तेन्नुरे हे कफनाचं प्रतीक आहे, म्हणून पांढरं; मागणाऱ्यांच्या मनात असतो तो इजिप्तचा रंगीबेरंगी तनुरा!

भरतनाट्यमचा शिवलेला पोशाख घ्यायला लागल्यावर माप घेण्याची पद्धतच बदलावी लागली. उभ्याने घेतलेल्या मापाचा पायजमा अरैमंडीत (गुडघे बाहेर वळवून अर्धं बसण्याच्या स्थितीत) बसताच गुडघ्यावर ताणतो आणि आसनाला उसवतो. त्यामुळे मांडीचं आणि आसनाचं माप अरैमंडीतच घेतो. पुढच्या पंख्यासारख्या भागाच्या चुण्या मलमलचं फडकं टाकून दाबायच्या. गरम इस्त्री थेट लागली की जरतार काळवंडते.

फ्लेमेंको या स्पॅनिश नृत्याचा ‘बाता दे कोला’ म्हणजे लांब शेपटीचा झगा. पाहणाऱ्याला वरच्या झालरी दिसतात, पण शेपूट उचलून धरतात त्या खालच्या बाजूच्या झालरी. त्या कमी पडल्या तर नर्तिकेने पायाने शेपूट उडवल्यावर ती पसरत नाही, पिळा पडून पायात येते. जास्त झाल्या तर वजनाने उडतच नाही. जमिनीवर घासून विरतात त्याही खालच्याच, म्हणून त्या वेगळ्या उसवून बदलता येतील अशा लावाव्यात.

सगळ्यात जास्त वेळ खाल्ला स्कॉटिश किल्टने, म्हणजे चुणीदार लोकरी घागऱ्याने. आठ यार्ड, म्हणजे सव्वासात मीटरहून थोडी जास्त लोकर, समोर दोन सपाट पदर आणि मागे सगळ्या चुण्या. नितंब 40 इंच असेल तर मागच्या निम्म्या भागाच्या 20 इंचांत 27 चुण्या बसवायच्या, प्रत्येकी पाऊण इंचाला थोडी कमी. कमरेकडे जाताना प्रत्येक चुणी निमुळती. एका चुणीत एक सोळांश इंच चुकला तर तो दिसत नाही, पण 27 चुण्यांत मिळून जवळजवळ पावणेदोन इंचांची चूक होते. शिवाय प्रत्येक चुणीत चौकड्यांची पूर्ण आवृत्ती गिळायची, म्हणजे मागूनही टार्टन (चौकड्यांची नक्षी) अखंड दिसतं. आम्ही आधी सगळ्या चुण्या कच्च्या दोऱ्याने धरतो, माप पुन्हा तपासतो आणि मगच पक्की हातशिलाई घालतो. मशीन इथे नकोच, तिच्या टिपेने लोकर सरकते.

जॉर्जियाच्या ‘कार्तुली’ नृत्यात स्त्री जमिनीवरून तरंगत गेल्यासारखी दिसते, कारण पावलं झग्याखाली झाकलेली असतात. त्या झग्याची उंची नृत्याची पादत्राणं घालूनच मोजायची. अर्धा इंच आखूड झाला की पावलं दिसतात, अर्धा इंच लांब झाला की पायाखाली येतो.